एका दिवसात उभं राहणारं घर: जाँ प्रूवे यांची गोष्ट

लग्नाचा मांडव उभा राहताना तुम्ही कधी नीट पाहिलंय? सकाळी टेम्पो येतो, पाइप आणि कनाती उतरतात, चार पोरं दुपारपर्यंत सगळं उभं करतात. दुसऱ्या दिवशी तेच सामान दुसऱ्या गावी. मोजमाप ठरलेलं, भाग ठरलेले, कुठला भाग कुठे बसतो ते हातांना पाठ.

आता विचार करा, राहायचं घर असं का नाही करता येत? थंडी-पावसात टिकणारं, आत स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम असलेलं, पण कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून येणारं आणि गरज संपली की खोलून दुसरीकडे नेता येणारं? हल्ली याला मॉड्यूलर घर म्हणतात. म्हणजे ठरावीक मापाचे सुटे भाग, ते एकमेकांत बसतात, अदलाबदल करता येतात. बातम्यांमध्ये हा विषय असा मांडतात की जणू परवाच कुणाला सुचलाय. प्रत्यक्षात १९४५ च्या आसपास फ्रान्समध्ये एक माणूस अशी घरं कारखान्यातून बाहेर काढत होता. तंत्र तयार होतं, घरं उभी राहत होती, लोक राहत होते. तरीही ती घरं गरजूंपर्यंत हवी तेवढी पोचली नाहीत. का, ते समजून घ्यायचं तर त्या माणसाचं आयुष्यच बघायला हवं. नाव जाँ प्रूवे.

लोहाराची भट्टी

जन्म ८ एप्रिल १९०१, पॅरिस. लहानपण मात्र पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहरात गेलं. वडील व्हिक्टर प्रूवे चित्रकार होते आणि नान्सीच्या नावाजलेल्या कला-चळवळीतले पुढारी. काच, लाकूड, लोखंड यांवर काम करणाऱ्या कारागिरांची ती चळवळ. कला दिवाणखान्यात कोंडून न ठेवता रोजच्या वापराच्या वस्तूंत उतरवायची आणि ती सगळ्यांना परवडली पाहिजे, हा विचार घरात रोज कानावर पडायचा.

मुलाला इंजिनीअर व्हायचं होतं. पण पहिलं महायुद्ध आलं, घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे कॉलेज राहून गेलं. जाँ पॅरिसजवळ एका नामांकित लोहाराकडे शिकायला गेला. ऐरण, हातोडा, तापलेलं लोखंड. १९२४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने नान्सीत स्वतःचं वर्कशॉप काढलं. सुरुवातीची कामं नेहमीचीच: जिन्याचे कठडे, गेटं, जाळ्या. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले करतात तशीच म्हणा ना.

पुढे आयुष्यभर प्रूवे यांच्याकडे आर्किटेक्टची पदवी नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण त्यांचा सगळा विचार कागदावरून नाही, पत्र्यापासून सुरू होतो.

पत्र्याची घडी

एक साधा प्रयोग करून बघा. एक कोरा कागद घ्या आणि टेबलावर उभा करा. पडेल. आता त्याला मधोमध घडी घालून पुन्हा उभा करा. उभा राहील. कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला आणि ताकद आली.

प्रूवे यांनी पातळ पोलादी पत्र्याबरोबर हेच केलं. इतर लोक टेबलाचे पाय आणि खांब यांना गोल पाइप किंवा जाडजूड गर्डर वापरत होते. प्रूवे यांनी पत्रा वाकवायचं मशीन आणि विजेवरचं वेल्डिंग वर्कशॉपमध्ये आणलं आणि पत्र्याला घड्या घालून पोकळ, हलके, पण मजबूत भाग बनवायला सुरुवात केली. जिथे जोर जास्त पडतो तिथे भाग रुंद, जिथे कमी तिथे निमुळता. त्यांच्या प्रसिद्ध खुर्चीचे पुढचे पाय साध्या बारीक नळीचे आहेत आणि मागचे फुगीर. का? माणूस मागे रेलतो, वजन मागच्या पायांवर येतं. बस्स, एवढंच कारण. शोभेचा भाग शून्य.

आता खुर्ची आणि घर यांत फरक काय? प्रूवे यांच्या लेखी फारसा काही नव्हताच. दोन्हीकडे वजन कुठून कुठे जातं ते बघायचं आणि तेवढाच माल लावायचा.

याचा पहिला मोठा नमुना म्हणजे पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी या कामगारवस्तीतलं लोकगृह, १९३५ ते १९३९ मध्ये बांधलेलं. बोदुआँ आणि लोद्स हे आर्किटेक्ट, बोदियान्स्की इंजिनीअर आणि धातूचं काम प्रूवे यांचं. खाली बाजार, वर सभागृह. वरच्या मजल्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी सरकवून बाजूला ठेवता येते, छप्पर उघडतं. बाहेरच्या भिंती पत्र्याच्या पॅनेलच्या आणि त्या वजन उचलत नाहीत, नुसत्या पडद्यासारख्या लटकतात. आज काचेच्या ऑफिस टॉवरला जी पडदी भिंत असते, तिच्याच कुळातल्या. गंमत म्हणजे पॅनेलचा पत्रा ताणलेला राहावा, खडखडू नये म्हणून आत गादीत असतात तसल्या स्प्रिंगा घातल्या. असला जुगाड वर्कशॉपमध्ये उभं राहूनच सुचतो.

युद्ध आणि सहा बाय सहाचं घर

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि फ्रेंच सैन्याला घाईघाईनं बराकी हव्या होत्या. प्रूवे यांनी काही तासांत उभ्या राहतील अशा सुट्या भागांच्या बराकी बनवल्या. मग जर्मनांनी फ्रान्स घेतला आणि पोलाद मिळेनासं झालं. वर्कशॉप चालू ठेवायला त्यांनी सायकली बनवल्या, शेगड्या बनवल्या, लाकडाचा वापर वाढवला. याच काळात पिएर जानरे त्यांच्याबरोबर काम करत होते. हे ली कार्बुझिए यांचे चुलतभाऊ, जे पुढे १९५१ मध्ये चंदीगड बांधायला भारतात आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या ज्या लाकडी खुर्च्या आज परदेशात लिलावात विकल्या जातात, त्या या जानरे यांच्या. हा धागा डोक्यात असू द्या, शेवटी लागेल.

प्रूवे जर्मनविरोधी भूमिगत चळवळीत होते. १९४४ मध्ये नान्सी मोकळं झाल्यावर त्यांना थोड्या काळासाठी शहराचं महापौर करण्यात आलं. म्हणजे घरं पडलेली माणसं आता थेट त्यांच्या दारात.

पूर्व फ्रान्समधल्या लॉरेन आणि व्होज भागात गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती. पुनर्बांधणी खात्यानं प्रूवे यांना तात्पुरत्या घरांची ऑर्डर दिली. घराचं माप ६ मीटर बाय ६ मीटर. आपल्या हिशेबात साधारण ३८७ चौरस फूट, म्हणजे मुंबईतला छोटासा वन बीएचके समजा.

या घराची रचना समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या घरात भिंती छप्पर उचलतात. इथे घराच्या मधोमध पत्र्याच्या घडीची एक चौकट, दोन पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. तिच्या डोक्यावर आढं बसतं आणि आढ्यावर छप्पर. सगळं वजन त्या चौकटीनं पेललं. मग भिंतींना काम काय? वारा-थंडी अडवणं आणि छप्पर जागेवर धरून ठेवणं, एवढंच. म्हणून भिंती लाकडी पॅनेलच्या, प्रत्येकी एक मीटर रुंद. एक पॅनेल कोरं, एक खिडकीचं, एक दाराचं. माप एकच असल्यानं दार पूर्वेला हवं की दक्षिणेला, खिडक्या दोन की चार, ते घर उभं करताना ठरवा. एखादं पॅनेल खराब झालं तर तेवढंच बदला. मॉड्यूलर या शब्दाचा अर्थ यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

खोल पाया नाही, क्रेन नाही. तीन-चार माणसं एका दिवसात घर उभं करायची. पडलेल्या घराशेजारी आपल्याच जागेत हे घर ठेवता यायचं, त्यामुळे कुटुंबाला आपली जमीन, शेजारीपाजारी सोडून दूरच्या छावणीत जायची गरज नव्हती. ज्यांनी आपल्याकडे संक्रमण शिबिरं पाहिलीत त्यांना या एका मुद्द्याचं मोल वेगळं सांगायला नको.

अशी काही शेकडो घरं गेली. काही शेकडोच. लागत होती लाखांनी.

मॅक्सेव्हिल: कारखाना आणि त्याची चावी

१९४७ मध्ये प्रूवे यांनी नान्सीच्या वेशीवर मॅक्सेव्हिलला मोठा कारखाना थाटला. साधारण दोनशे माणसं. ड्रॉइंग करणारे आणि पत्रा वाकवणारे एकाच आवारात. सकाळी कल्पना सुचली की लगेच एक भाग बनवायचा, उभा करून बघायचा, मोडला तर का मोडला ते बघून पुन्हा काढायचा. आज सॉफ्टवेअरवाले प्रोटोटाइप आणि इटरेशन म्हणतात ते हेच. कामगारांना नफ्यात वाटा मिळायचा. प्रूवे यांचं पक्कं मत होतं की डिझाइन करणारा आणि बनवणारा वेगळे झाले की काम बिघडतं.

इथूनच १९४९ मध्ये ट्रॉपिकल हाउस नावाचं घर निघालं. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींसाठी. एकही भाग चार मीटरपेक्षा लांब नाही, कारण पत्रा वाकवायच्या मशीनची लांबी तेवढीच. आणि सगळ्यात जड भाग सुमारे १०० किलोचा, दोन माणसांनी उचलावा असा. सुटे भाग विमानात भरून पाठवले. उष्णतेवर उपाय काय? छप्पर दुहेरी, मधून हवा खेळती. भोवती सावली देणारी गॅलरी. बाहेर ऊन अडवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. भिंतीच्या पॅनेलमध्ये जहाजाला असतात तशा गोल निळसर काचा. एसीशिवाय घर थंड ठेवायचा हा विचार आज सस्टेनेबल डिझाइन म्हणून शिकवतात. तेव्हा तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

पण इथे थोडं थांबून खरं बोलायला हवं. अॅल्युमिनियम बनवायला वीज प्रचंड लागते. फ्रान्समध्ये भाग बनवून विमानानं आफ्रिकेत नेणं, याला पर्यावरणपूरक म्हणणं जरा धाडसाचंच. शिवाय तिथे स्थानिक पद्धतीनं बांधलेलं घर यापेक्षा स्वस्त पडत होतं आणि वसाहतीतल्या साहेबांना घरासारखं दिसणारं घर हवं होतं, मशीनसारखं नको होतं. एक घर नायजरमधल्या नियामे शहरात लागलं, दोन काँगोमधल्या ब्राझाव्हिलला. एकूण तीन. ऑर्डर तिथेच थांबली.

फ्रान्समध्येही तेच. १९४९ मध्ये मंत्री क्लोदियुस-पेती यांनी पॅरिसजवळ लावायला म्हणून २५ घरं मागवली. त्यातली १४ म्युदाँ या उपनगरात उतारावरच्या झाडीत उभी राहिली. पुढची मोठी ऑर्डर आलीच नाही. इथे कारखान्यातल्या घराचं अर्थशास्त्र आडवं येतं. साचे, मशीन, प्रेस यांचा खर्च पहिल्या घराला जेवढा असतो तेवढाच हजाराव्या घराला असतो. हजार घरं बनली तर तो विभागून जातो, पंचवीसच बनली तर प्रत्येक घर महाग. आणि महाग म्हणून पुन्हा ऑर्डर नाही. मोटारींच्या बाबतीत कंपनी स्वतः हजारो गाड्या बनवून बाजारात आणते. घर विकायचं तर सरकारी परवानगी, जमीन, कर्ज, गवंड्यांचे हितसंबंध, सगळ्यातून जावं लागतं.

कारखान्याला पैसा लागला तो एका मोठ्या अॅल्युमिनियम उद्योगाकडून आला. पैशाबरोबर शेअर गेले, शेअरबरोबर हुकूम. नव्या मालकांना अॅल्युमिनियम खपवायचं होतं, प्रयोग करत बसायचं नव्हतं. ड्रॉइंगवाल्यांना वर्कशॉपपासून वेगळं काढलं गेलं. १९५३ मध्ये प्रूवे स्वतःच उभ्या केलेल्या कारखान्यातून बाहेर पडले. वय ५२. मशीनं गेली, आणि वर्षानुवर्षं बरोबर काम केलेली माणसंही गेली. पुढे तीस वर्षं ते जगले, कामंही केली, पण हा घाव भरला नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. डिझाइन चुकलं असतं तर त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सुधारलं असतं.

दुसऱ्याच वर्षी, १९५४ च्या उन्हाळ्यात, त्यांनी नान्सीच्या एका टेकडीवर स्वतःचं घर बांधलं. जागा इतकी उताराची की तिथे कुणी बांधायला धजावत नव्हतं. घरचे लोक आणि मित्र मिळून कामाला लागले, आणि साहित्य काय, तर जुन्या कारखान्यातले उरलेसुरले भाग. इथलं पॅनेल, तिथली खिडकी. घर चांगलं २७ मीटर लांब आणि अरुंद, मागची सगळी भिंत कपाटांची.

सात तास

त्याच १९५४ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये जीवघेणी थंडी पडली होती. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेली एक बाई रस्त्यावर गोठून मेली, हातात घर रिकामं करायची नोटीस. १ फेब्रुवारीला आबे पिएर नावाच्या पाद्र्यानं रेडिओवरून मदतीची हाक दिली आणि अख्खा देश हलला. ब्लँकेटं आली, पैसे आले. पण ब्लँकेट म्हणजे घर नव्हे. आबे पिएर प्रूवे यांच्याकडे आले.

प्रूवे यांच्याकडे आता कारखाना नव्हता, पण डोकं होतं. जमिनीवर काँक्रीटचं पसरट बेसिनसारखं जोतं ठेवायचं. त्यावर मधोमध पोलादी गाभा, कारखान्यातून पूर्ण तयार होऊन आलेला: एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या बाजूला संडास-बाथरूम, आत सगळे पाइप. हाच गाभा छपराचा खांबही. भोवती लाकडी सँडविच पॅनेल लावली की झालं. साडेपाचशे-सहाशे चौरस फुटांचं घर. घराच्या बांधकामात सगळ्यात किचकट काम प्लंबिंगचं. तेच कारखान्यात उरकून टाकायचं, ही यातली खरी अक्कल. आज बाथरूम पॉड या नावानं हॉटेलं आणि होस्टेलं बांधताना हेच करतात.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये, सीन नदीच्या काठावर, हे घर सात तासांत उभं करून दाखवलं. लोकांनी गर्दी केली. आणि मग सरकारी मान्यता नाकारली गेली. कारण सांगितलं जातं ते असं: संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर घराच्या मध्यावर, त्यांना बाहेर उघडणारी खिडकी नाही. नियमात बसत नाही.

हा नियम निव्वळ मूर्खपणाचा होता असं मला वाटत नाही. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून क्षय पसरायचा, म्हणून उजेड-वाऱ्याचे नियम आले. पण नियमाचा हेतू हवा खेळती ठेवणं हा असेल, तर ते डक्ट आणि पंख्यानंही होतं. आज कितीतरी नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमला खिडकी नसते, डक्ट असतो. १९५६ मध्ये मात्र कागदावर खिडकी हवी होती. मान्यता नाही म्हणून अनुदान नाही, अनुदान नाही म्हणून कारखान्यात उत्पादन नाही. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच घरं बनली.

आणि कारखान्यात घरं बनवायची कल्पना तेव्हा हरली होती असंही नाही, बरं का! रेमाँ कामू या फ्रेंच इंजिनीअरनं १९४८ मध्ये जड काँक्रीट पॅनेलच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. ती पद्धत जिंकली. फ्रान्समध्ये तिच्यातून प्रचंड वसाहती झाल्या आणि पुढे ती सोव्हिएत संघातही गेली, तिथल्या पाचमजली इमारतींच्या रांगा तिच्याच वंशातल्या. हीसुद्धा कारखान्यातच बनलेली घरं. फरक एवढाच की ती खोलता येत नाहीत, हलवता येत नाहीत, भिंत सरकवता येत नाही. आता त्यातल्या अनेक वसाहती सुरुंग लावून पाडल्या जातात आणि मागे उरतो राडारोडा.

नंतर

१९५७ पासून प्रूवे पॅरिसच्या एका जुन्या तंत्रसंस्थेत शिकवू लागले. फळ्यावर खडूनं एकेक सांधा काढून दाखवायचे: हे इथे बसतं, वजन इथून उतरतं, पाणी इथून निथळतं. आर्किटेक्चरची पोरं ऐकायला यायची. १९७१ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या स्पर्धेत परीक्षक मंडळाचे अध्यक्ष तेच होते. ६८१ प्रवेशिका. निवडलं गेलं रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तेव्हा फारसं नाव नसलेल्या तरुणांचं डिझाइन: पोलादी सांगाडा बाहेर, पाइप बाहेर, आतले मजले मोकळे. पदवी नसलेल्या लोहारानं ते निवडावं यात नवल नाही. २३ मार्च १९८४ रोजी नान्सीत त्यांचं निधन झालं.

पुढची गोष्ट जरा कडू आहे. २००० च्या आसपास आफ्रिकेतली तीनही ट्रॉपिकल घरं खोलून फ्रान्सला आणली गेली. ब्राझाव्हिलच्या पत्र्यांना यादवी युद्धातल्या गोळ्यांची भोकं होती. खोलून नेता यावं हाच तर त्यांचा गुण! त्यातलं एक घर दुरुस्त करून २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात काढलं आणि सुमारे ५० लाख डॉलरला विकलं गेलं. घेणारा एक हॉटेलमालक. युद्धात घरं गेलेल्यांसाठी बनवलेली ६ बाय ६ ची घरंही आता आर्ट गॅलऱ्यांत उभी केली जातात, संग्राहक ती विकत घेतात. चंदीगडच्या कारकुनांच्या खुर्च्यांचं जे झालं तेच.

नान्सीच्या टेकडीवरचं घर शहरानं विकत घेऊन जपलं आहे. आणि म्युदाँच्या झाडीतली ती १४ घरं? तिथे आजही माणसं राहतात. कुणी मागे एखादी खोली वाढवली आहे, बागा गच्च झाल्या आहेत. आणखी कुठे न्यायचं नसल्यानं सत्तर वर्षांत ती कुणी खोललेली नाहीत.